जामखेड : पंगतीला बसलेलं आरोग्य

संस्थेच्या वाटचालीचा लेख लिहायला घेतला की पहिला परिच्छेद हमखास कोनशिलेवर जातो. कोणाच्या हस्ते, किती खाटांचं, देणगीदार कोण. जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची गोष्ट तशी सांगायला गेलं तर फसते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले तेव्हा दवाखाना थाटायला त्यांना मिळाली ती गुरांच्या दवाखान्याची जुनी जागा. पुढे रुग्णालय उभं राहिलं, शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि पंचक्रोशीच्या तोंडी ‘आरोळ्यांचा दवाखाना’ हेच नाव बसलं. पण ज्या कामासाठी देशोदेशीची माणसं जामखेडची वाट विचारत आली, ते काम त्या आवारात कमी आणि आजूबाजूच्या गावांच्या पारांवर, पाणवठ्यांवर जास्त झालं. माझ्या मते त्या कामाचं खरं औषध एकच होतं : एकमेकांशेजारी न बसणाऱ्या माणसांना शेजारी बसवणं. लसी, गोळ्या, वजनकाटे हे सगळं त्यामागोमाग आलं.

जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचं, आताच्या अहिल्यानगरचं, आग्नेयेकडचं टोक. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव. इतिहासात या तालुक्याची नोंद आहे ती १७९५च्या खर्ड्याच्या लढाईमुळे आणि अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी इथलं म्हणून. पावसाच्या हिशेबात मात्र इथल्या नोंदी फार नसतात. पर्जन्यछायेतला मुलूख. ज्वारी पिकली तर पिकली, नाही तर बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊसतोडीला जायचं.

रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. मेबल यांची आणि त्यांची गाठ पडली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९६०मध्ये लग्न झालं, ते खेड्यातच काम करायचं हे ठरवून. त्यानंतर काही वर्षं दोघं नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. काम भरपूर, नाव चांगलं, लोकांची श्रद्धा. तरीही हिशेब जुळत नव्हता. जुलाबाने सुकलेलं मूल सलाईन लावून उभं करायचं, घरी पाठवायचं, आणि काही दिवसांनी तेच मूल त्याच अवस्थेत पुन्हा दारात. आजार घरात, पाण्यात, ताटात होता आणि डॉक्टर रुग्णालयात. चांगले डॉक्टर अशा वेळी आणखी खाटा वाढवतात. हे दोघं अमेरिकेत शिकायला गेले, शेवटी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथले प्राध्यापक कार्ल टेलर हे मसुरीजवळ लंढोरला जन्मलेले, मिशनरी डॉक्टरांच्या घरातले. त्यांना भारतातलं खेडं नकाशावरून समजावून सांगावं लागत नव्हतं. जामखेडच्या कामाची आखणी त्या वर्गांत पक्की झाली.

आखणी कागदावर होती आणि जामखेडच्या लोकांना त्यातलं काहीच नको होतं. आरोग्य कोणी मागत नव्हतं. लोक म्हणत होते पाणी द्या, पोटाला द्या. दुखणं आलं तर सुई द्या. आजार होऊ नये म्हणून काही करायचं, ही भाषा रिकाम्या पोटी ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती, आणि त्यात लोकांचं काही चुकत होतं असंही नाही. आरोळ्यांनी सुई दिली, अडलेल्या बाळंतिणी सोडवल्या, हर्नियापासून मोडलेल्या हाडांपर्यंत जे येईल ते केलं. विश्वास त्यातूनच आला. पण विश्वास डॉक्टरवर बसला, गावाचा गावावर नव्हता.

कारण ‘गाव’ म्हणून एक काही नव्हतंच. बैठक बोलावली की पाटील-देशमुख पारावर, बाकीचे खाली, दलित वस्तीतले लोक लांब उभे, आणि बाया दाराआड. ज्यांच्या घरात मुलं सर्वांत जास्त दगावत होती तीच माणसं बैठकीत सर्वांत लांब. त्यांच्यापर्यंत शब्द पोचायचा तो चौथ्या तोंडातून.

यावर प्रकल्पाने काढलेला उपाय वैद्यकाच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. जीप संध्याकाळी गावात जायची, आणि पथकातली माणसं औषधांच्या पेटीऐवजी आधी व्हॉलीबॉलचं जाळं काढायची. दोन खांब, मध्ये जाळं, आणि येईल त्याने खेळायचं. व्हॉलीबॉलमध्ये एक गोष्ट चांगली आहे : चेंडू कोणाच्या हाताला लागून आला हे बघायला सवड नसते. ज्या पोराच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या हातून उडालेला चेंडू तुमच्या हातावर येऊन पडतो आणि तुम्ही तो पुढे ढकलता. खेळ संपला की घामाने निथळणारी पोरं तिथेच जमिनीवर कोंडाळं करून बसत. गप्पा शेतीच्या. बियाणं, बांध, शेळ्या, विहिरीची पातळी. आरोग्याचा विषय हळूच, आणि तोही शेवटी.

या कोंडाळ्यांतून तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली. नाव शेतकऱ्यांचं असलं तरी काम कसलंही. झाडं लावणं, बांधबंदिस्ती, गावातल्या घरांची पाहणी. आणि मुलांची वजनं. हे शेवटचं काम मुद्दाम पुरुषांकडे दिलं होतं. धोतर-टोपीतला बाप्या दुसऱ्याच्या, कधी दुसऱ्या जातीच्या, रडणाऱ्या पोराला उचलून काट्याला अडकवतोय आणि शेजारचा तरुण आकडा लिहून घेतोय, हे त्या काळी नवलच. उपासमारीची बातमी मग सरकारी अहवालातून येत नव्हती. अमक्याच्या धाकट्याचं वजन घटलंय, हे ज्याने त्याला स्वतः उचललं होतं त्यालाच ठाऊक होतं.

एवढ्यात १९७२ उजाडलं. त्या दुष्काळाविषयी इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून काही विचारावं लागत नाही. खडी फोडायचं काम, सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो, सगळं आपसूक बाहेर येतं. प्रकल्पाच्या गावांत मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं निघाली, ती चालवली शेतकरी मंडळांनी. पंगत एकच. भुकेने जे शक्य केलं ते उपदेशाने झालं नसतं, हे कबूल करावं लागतं.

पाण्याची गोष्ट तर चक्क डावपेचाची आहे. बोअर घ्यायला यंत्र आलं, जागा दाखवायला भूगर्भतज्ज्ञ आले. आरोळ्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की बोअरच्या जागा दलित वस्तीतच काढा. झालंही तसंच. खडकाळ जमिनीत पाणी कुठे लागतं यावर गावकरी तज्ज्ञाशी वाद घालू शकत नव्हते. हातपंप दलित वस्तीत बसला, आणि कालपर्यंत ज्यांना विहिरीच्या कठड्याला हात लावायची बंदी होती त्यांच्या दारात वाड्यावरच्या बाया घागरी घेऊन रांगेला उभ्या राहिल्या. नाकं मुरडली गेली, पण दुष्काळात घागर रिकामी न्यायला कोण धजणार? शुद्ध पाण्याने जुलाब कमी झाले हा वैद्यकीय भाग झाला. रोज सकाळी एका रांगेत उभं राहून बाया एकमेकींच्या घरचं दुखणंखुपणं बोलू लागल्या, हा दुसरा. पुढच्या कामाची खरी तयारी या दुसऱ्या भागाने केली, असं मला वाटतं.

या डावपेचावर आक्षेप घेता येतो. लोकांना विश्वासात न घेता परस्पर जागा ठरवल्या, हा कसला लोकसहभाग? आक्षेपात तथ्य आहे. पण सर्वांना विचारून ठरवलं असतं तर बोअर कोणाच्या वाड्यापुढे झाला असता, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरुवातीला प्रकल्पाने गावोगाव नर्स ठेवून पाहिल्या. शिकलेल्या मुली, बाहेरगावच्या. ते काही जमलं नाही. एकटी मुलगी परक्या गावात राहणार कशी, आणि तिचं ऐकणार कोण? ज्या सासूने पाच बाळंतपणं घरात केली होती ती अविवाहित पोरीकडून बाळंतपणाचं ज्ञान घ्यायला तयार नव्हती. मग एका सरपंचानेच सुचवलं की गावातलीच बाई का शिकवत नाही? तिथून पुढचा इतिहास बदलला. बाई गावाने निवडायची, ती शिकलेली असायची गरज नाही. निवडून आल्या त्या बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित किंवा गरीब घरच्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. सर्टिफिकेट मागायचं ठरवलं असतं तर यांतली एकही दारात उभी राहिली नसती.

त्यांचं प्रशिक्षण हा या वाटचालीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि त्याचा अभ्यासक्रम वाचून काही कळत नाही. या बाया दर आठवड्याला जामखेडला मुक्कामाला यायच्या. एकदाच सहा महिने शिकवून गावाला सोडून दिलं, असा प्रकार नव्हता. दर आठवडा, वर्षानुवर्षं. जमिनीवर गोल करून बसायचं, कोणीही पुढे नाही, कोणीही मागे नाही. डॉक्टरही त्याच गोलात. आधी गेल्या आठवड्यात गावात काय झालं ते प्रत्येकीने सांगायचं; मग नवीन एखादी गोष्ट शिकायची, चित्रांवरून, गाण्यातून, प्रत्यक्ष रुग्ण दाखवून. पण खरी कसोटी जेवणाच्या वेळी. सुरुवातीला वरच्या जातीच्या बायांना दलित बायांबरोबर जेवणं अवघड गेलं. कोणावर जबरदस्ती नव्हती. मात्र वेगळी चूलही नव्हती. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, रात्री एकाच खोलीत शेजारी-शेजारी झोपणं. दिवसा शिकवलेलं किती लक्षात राहिलं कोण जाणे, पण रात्री अंधारात एकमेकींना सांगितलेलं राहिलंच. नवरा दारू पिऊन मारतो हे दोघींच्याही घरी सारखंच, पोर गेल्याचं दुःख दोघींनाही सारखंच, हे कळायला आणखी कुठला पाठ लागणार?

गावी परत गेल्यावर ही आरोग्य सेविका करायची काय? दिसायला साधीच कामं. बाळंतपणाला जाताना साबण, स्वच्छ धागा आणि कोरं ब्लेड न्यायचं. जुलाब झालेल्या मुलाचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजायचं. बाळंतिणीचा चीक पिळून टाकू द्यायचा नाही, बाळाच्या तोंडी लावायचा. गर्भारपणी जास्त खाल्लं की मूल मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, अशी समजूत घरोघरी होती. म्हणून पोटुशी बाई अर्धपोटी राहायची. ही समजूत मोडायला डॉक्टरचा शब्द तोकडा पडतो. डॉक्टर जीपमध्ये बसून जातो. सेविका तीन घरं सोडून राहते. तिने स्वतःची, दोन वेळा पोटभर खाऊन सुखरूप बाळंत झालेली सून दाखवली की सासूला बोलायला जागा उरत नाही. पुन्हा हीच गोष्ट शेतकरी मंडळात नवऱ्याच्या कानावर आणि गावातल्या बायांच्या महिला विकास मंडळात सासूच्या कानावर वेगळ्या तोंडून पडायची. एकाच शब्दाला तीन वाटा. जिथे अंगावर बधिर चट्टा उठला तर तो लपवून ठेवत, त्या गावांत चट्टा सेविकेने पाहिला, गोळ्या सुरू झाल्या, आणि रुग्ण घरातच राहिला; कुष्ठरोग्यासाठी वेगळी वसाहत काढायची वेळ आली नाही.

या बायांना पगार नव्हता. सुरुवातीला थोडं मानधन, आणि नंतर बांगड्या विकण्याचा, शेळ्या पाळण्याचा असला छोटा धंदा उभा करायला कर्ज. त्यामागे विचार असा की सेविका गावाची राहावी, संस्थेची नोकर होऊ नये. विचार चांगला, पण बायकांची मेहनत स्वस्तात धरण्याची आपली जुनी सवय त्यातही डोकावते, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

आकडे आता सांगायला हरकत नाही. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६मध्ये ५२. २००४मध्ये २४. पाच वर्षांखालची कुपोषित मुलं १९७१मध्ये ४० टक्के होती, १९९३मध्ये ५ टक्के. पहिल्या पाच वर्षांतली घसरण इतकी मोठी की जगाचं लक्ष गेलं नसतं तरच आश्चर्य. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५मध्ये लोकांनी लोकांसाठी उभ्या केलेल्या आरोग्यकार्यांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७८मध्ये आल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, त्यामागच्या चर्चेत अशाच कामांचे दाखले होते. १९७९ला दोघांना मॅगसेसे, १९९०ला रजनीकांत आरोळ्यांना पद्मभूषण. १९९२मध्ये जामखेडलाच प्रशिक्षण संस्था निघाली आणि परदेशातले डॉक्टर निरक्षर बायांकडून शिकू लागले.

हे आकडे प्रकल्पाचे स्वतःचे, तेव्हा बाहेरच्यांनी तपासलेले असतील तर बरं, असं कोणी म्हणेल. तेही झालं. २०१०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक अभ्यास आला. त्यात प्रकल्पाच्या गावांची आसपासच्या इतर गावांशी १९९२ ते २००७ या काळासाठी तुलना केली होती. महिना ओलांडलेल्या आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत ३० टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र तसा ठळक फरक सापडला नाही.

एखाद्या स्मरणिकेत असं शेवटचं वाक्य सहज गाळलं गेलं असतं. मला तेच सर्वांत बोलकं वाटतं. शेजारपण, पंगत, मंडळ यांनी ताटातलं अन्न बदलतं, पाणी बदलतं, मुलाला दवाखान्यात कधी न्यायचं ते बदलतं. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतलं मरण बरंचसं जंतुसंसर्गाचं, गुदमरण्याचं, कमी दिवसांच्या बाळांचं. तिथे हातात नेमकं कौशल्य लागतं. ते राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने दाखवलं. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुदोष ओळखून इंजेक्शनही दिलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. जामखेड आणि गडचिरोलीची तुलना करून कोण मोठं हे ठरवायची खोड आपल्याकडे आहे. खरं तर एकाने जे उरवलं तिथून दुसऱ्याने धागा उचलला, आणि गडचिरोलीची बाई रात्री-अपरात्री बाळंतिणीच्या घरात शिरू शकली तीही शेजारीण होती म्हणूनच.

सरकारने जामखेडकडून काय उचललं? १९७७ साली, २ ऑक्टोबरचा मुहूर्त धरून, केंद्रातल्या जनता सरकारने गावोगाव आरोग्य रक्षक नेमण्याची योजना आणली. नेमणुका झाल्या बहुतेक पुरुषांच्या, आणि पुष्कळ ठिकाणी गावच्या पुढाऱ्याच्या मर्जीने. योजना ढेपाळली. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही गावची आरोग्य कार्यकर्ती आली. हजार लोकवस्तीमागे एक, आणि या वेळी बाईच. जामखेडचा हा धडा उशिरा का होईना गिरवला गेला. आशांनी केलेलं काम, विशेषतः कोविडच्या काळातलं, डोळ्यांपुढे आहे. पण आशेच्या मोबदल्याची रचना मुळात कामागणिक पैशांची, तिच्या हातात नोंदवह्या आणि मोबाइल आहे, वरून आलेलं सर्वेक्षण आहे. तिच्याभोवती व्हॉलीबॉलचं कोंडाळं नाही. तिच्या नवऱ्याशी, सासूशी, सरपंचाशी तिच्या वतीने बोलणारं मंडळ नाही. सेविका उचलली आणि तिला उभं करणारी पंगत जामखेडलाच राहिली.

मेबल आरोळे १९९९मध्ये गेल्या, रजनीकांत २०११च्या मे महिन्यात. काम त्यांची मुलं डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी पुढे चालवलं. गावंही आता ती राहिली नाहीत. जुलाबाने दगावणारं मूल विरळा. त्याऐवजी साखर आणि रक्तदाब घरोघरी. किशोरवयीन मुलींचे गट, लहान वयातली लग्नं, हे विषय पुढे आले आहेत. घरात नळ आला तशी पंपावरची रांग मोडली. गावातला तरुण पुणे-चाकणच्या रस्त्याला लागला, आणि ज्यांचं जमलं नाही ती जोडपी दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात. चार-पाच महिने गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली पोरं. जी बाई सहावा महिना लागलेला असताना उसाच्या फडात असते, तिला शेजारीण म्हणून कुठली सेविका भेटणार? गाव स्थिर आहे, माणसं एकाच जागी राहतात, हे जामखेडच्या पद्धतीचं न लिहिलेलं गृहीतक होतं. फडावरच्या झोपड्यांत शेजार कसा बांधायचा, याचं उत्तर १९७०च्या आखणीत असायचं कारण नव्हतं. आता ते शोधावं लागेल.

बाकीच्या गावांसाठी साधनं कागदावर आहेत. महाराष्ट्रात गावोगाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, तिला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे, आणि समितीत महिला, मागासवर्गीय सदस्य असावेत असा नियमही आहे. रजिस्टर पाहिलं तर बैठकीच्या सह्या बहुतेक वेळा पूर्ण सापडतील. त्या सह्या एका जागी, एकाच सतरंजीवर बसून झाल्या की रजिस्टर घरोघर फिरवून, एवढंच विचारायचं असतं. जामखेडला येणाऱ्या पाहुण्यांनी ते विचारलं असतं तर त्यांनी परत जाऊन काढलेले निम्मे प्रकल्प सुरू होण्याआधीच थांबले असते, आणि उरलेले कदाचित टिकले असते.